वणीच्या पलीकडचें रान

नाशिक जिल्ह्यांतील वणी हें गांव महाराष्ट्रास ठाऊक आहे तें सप्तशृंगी देवीमुळें. चैत्रांत खानदेशांतून पायीं निघालेले यात्रेकरू गडावर अठरा हातांच्या देवीचें दर्शन घेतात, समोरच्या मार्कंड्या डोंगराला हात जोडतात आणि आल्या वाटेनें परततात. गडाच्या वायव्येस कळवण व सुरगाणा हे तालुके ओलांडले म्हणजे डांगचें रान सुरू होतें. तिकडे फारशी कोणाची दृष्टि जात नाहीं. त्या रानाचा इतिहास मात्र ऐकण्याजोगा आहे.

वणी-दिंडोरीचा म्हणून प्रसिद्ध असलेला एक ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा आहे. त्यांत शके ७३० चा उल्लेख असून तो मयूरखंडी येथून दिलेला आहे. ही मयूरखंडी म्हणजेच मार्कंड्या डोंगर, असें मत विद्वानांनीं मांडलें आहे. एवढ्यावरून तेथें मोर नाचत होते असें सिद्ध होत नाहीं, हें खरें. पण दक्षिणेंतील एका बलाढ्य राजाच्या ठाण्याला पक्ष्याचें नांव असावें, ही गोष्ट त्या काळच्या परिसराविषयीं कांहीं सांगून जाते.

या भागाची खरी श्रीमंती त्याच्या उतारांत आहे. सातमाळ्याच्या दक्षिणेकडील पाणी कादवेंतून गोदावरीस मिळतें व पूर्वसमुद्र गांठतें. उत्तरेकडील पाणी गिरणेंतून तापीस जातें. आणि सुरगाण्याच्या पश्चिमेकडील पाणी नार-पार नद्यांतून थेट अरबी समुद्रास जाऊन मिळतें. पावसाचेंही तसेंच. इगतपुरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यांतील येवल्यास त्याचा जेमतेम पांचवा हिस्सा. एका दिवसाच्या प्रवासांत मनुष्य ओल्या रानांतून बाभळी-बोरींच्या माळावर येतो. म्हणूनच येथें साग, सादडा, शिसव, बिबळा, तिवस, कळंब, धावडा, खैर, हिरडा, बेहडा, मोह आणि बांबू हीं सारीं एकमेकांच्या शेजारीं नांदत आलीं. कोकणा, वारली व भिल्ल लोकांच्या घरीं यांतील प्रत्येकाचें काम ठरलेलें होतें. नागली-वरई संपली कीं मोहाचीं फुलें पोट भरीत. हिरडा औषधाला, पळसाचीं पानें पत्रावळीला, बांबू भिंतीला. वाघालासुद्धां त्यांनीं लांकडी खांबावर कोरून देव केलें आणि वाघबारशीला त्याचा मान ठेवला.

मग या रानांतल्या एकाच झाडाला भाव आला. मुंबईच्या गोदींत वाडियांच्या देखरेखीखालीं सागवानी जहाजें बांधलीं जात. १८१७ सालीं पाण्यांत उतरलेलें ‘त्रिंकोमाली’ हें जहाज आजही इंग्लंडांत जपून ठेवलेलें आहे. त्याचा साग मलबारचा होता. पण मलबारचा चांगला साग दुर्मिळ होऊं लागला तशी सरकारची नजर उत्तरेकडे वळली. १८४२ सालीं ब्रिटिशांनीं डांगांतील भिल्ल राजांकडून तेथील जंगल पट्ट्यानें घेतलें. पांच वर्षांनीं, १८४७ सालीं, मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले जंगल-संरक्षक नेमले गेले. पुढें आगगाडी आली. १८६५ सालीं थळ घाटांतून ती नाशिककडे चढली, आणि लांकडाची भूक दसपट झाली. राजांना वार्षिक रक्कम मिळे. होळीच्या सुमारास आहवा येथें भरणाऱ्या डांग दरबारांत त्यांच्या वंशजांना ती आजही दिली जाते.

लांकडाच्या व्यापारांत एक शब्द आहे: आडजात. साग तेवढा सागवान. बाकीचीं शेंकडों झाडें एकजात आडजात. ज्या मोहानें दुष्काळांत माणसें जगविलीं तोही आडजात, आणि ज्याच्या पोकळ खोडांत पक्षी घरटें करतात तें जुनें झाड तर हिशेबांतसुद्धां नाहीं. रानाची हानि कुऱ्हाडीनें झाली हें सर्वच सांगतात. ती या शब्दानेंही झाली, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

रान समूळ, सर्व जातींसह राखावें, हा विचार अमेरिकेंत १८७२ सालीं यलोस्टोनच्या रूपानें कायद्यांत उतरला. हिंदुस्थानांत त्याला १९३६ साल उजाडावें लागलें, आणि महाराष्ट्राचें पहिलें राष्ट्रीय उद्यान, चंद्रपूरचें ताडोबा, १९५५ सालीं झालें. पुढें अंधारी अभयारण्य जोडून तेथें सहाशें चौरस किलोमीटरांहून मोठा व्याघ्रप्रकल्प उभा राहिला, आणि साग-बांबूच्या त्या रानांत वाघ टिकला. वणीच्या बाजूला असें भाग्य आलें नाहीं. १९६० सालीं डांग गुजरातेंत गेला. त्याच्या कडेला वांसदा राष्ट्रीय उद्यान १९७९ सालीं झालें खरें, पण तें चोवीस चौरस किलोमीटरांचें. एका वाघाला फिरायलाही तें अपुरें. विसावें शतक संपतां संपतां डांगांतून वाघ नाहींसा झाला. बिबट्या तेवढा राहिला. तो उंसांतही संसार थाटतो.

या कथेंत एक पात्र मात्र मेलें म्हणून सोडलें असतां परत आलें. रानपिंगळा हें घुबडाच्या कुळांतील लहान पांखरूं. १८७३ सालीं ह्यूमनें त्याचें वर्णन केलें. १८८४ सालीं डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें पश्चिम खानदेशांत त्याचा नमुना मिळविला, आणि त्यानंतर तें कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं. १९१४ सालचा म्हणून दाखविला जाणारा एक नमुना होता. तो पुढें चोरीचा व खोट्या चिठ्ठीचा ठरला. एकशें तेरा वर्षें गेलीं. नोव्हेंबर १९९७ मध्यें पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ शहाद्याजवळच्या रानांत शोध घेत असतां, भर सकाळीं तो त्यांना उघड्या फांदीवर बसलेला आढळला. तो दिवसाढवळ्या शिकार करतो. सरडे, उंदीर व कीटक खातो. पुढें डांगांतील पूर्णा अभयारण्यांतही त्याची नोंद झाली.

घरटें तो स्वतः कोरीत नाहीं. जुन्या झाडांच्या ढोलींत तो अंडीं घालतो, आणि ती ढोली सागाची आहे कीं आडजातीची, हें पाहत नाहीं.