सूरप्रधान भाषांतील सुरांचे वर्गीकरण : चिनी परंपरेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना
ज्या भाषांत अक्षराच्या सुराची उंची अथवा चढउतार बदलताच शब्दाचा अर्थ बदलतो, त्यांना सूरप्रधान भाषा म्हणता येईल. प्रमाण चिनीत 'मा' हे अक्षर पहिल्या सुरात 'आई', तर तिसऱ्या सुरात 'घोडा' या अर्थाचे ठरते. अशा सुरांचे वर्ग कसे ठरविले गेले आणि त्यात भारतीय विचाराचा वाटा किती, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नामकरण
पाचव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण चीनमध्ये झोऊ योंग व शेन युए (४४१–५१३) यांनी पिंग, शांग, छ्यू व रू असे चार सूर मानले. लू फायान यांच्या 'छिएयुन' (इ. स. ६०१) या यमककोशाची मांडणी याच वर्गांनुसार आहे. मात्र रू वर्गाची ओळख प्, त्, क् या अंत्य व्यंजनांवरून पटत असे. साहजिकच हे वर्गीकरण निव्वळ सुराच्या उंचीचे नव्हते.

१९३४ मध्ये इतिहासकार छेन यिनके यांनी असे प्रतिपादन केले की, रू वगळता उरणारे तीन सूर उदात्त, अनुदात्त व स्वरित या त्रयीवरून, बौद्ध पठणाच्या द्वारे कल्पिले गेले. हे मत आकर्षक असले तरी विवाद्य आहे. बुद्धवचनाच्या वैदिक धाटणीच्या पठणास विनयग्रंथांत असलेला निषेध त्याच्या आड येतो.

मापन
उच्च-नीच या संज्ञा सापेक्ष आहेत. एकास जे उच्च वाटते ते दुसऱ्यास नीच वाटू शकते, ही अडचण पतंजलीच्या महाभाष्यात चर्चिली आहे. उच्चारस्थान समान धरूनच तुलना करावी, असे तेथे समाधान दिले आहे. १९३० मध्ये चाओ युएन-रेन यांनी बोलणाऱ्याच्या स्वतःच्याच स्वरकक्षेचे १ ते ५ असे टप्पे कल्पून हाच प्रश्न सोडविला. त्यानुसार प्रमाण चिनीचे चार सूर ५५, ३५, २१४ व ५१ असे दर्शविले जातात.

निष्कर्ष
महाभाष्य व चाओ यांच्या उत्तरांतील साम्य लक्षणीय आहे. परंतु ते उसनवारीचे प्रमाण नव्हे. समान अडचणीतून समान उपाय स्वतंत्रपणेही उद्भवू शकतो. छेन यांच्या सिद्धांतासही हीच कसोटी लावावयास हवी. भारतीय परंपरेचा गौरव तिला सर्वांचे मूळ ठरविण्यात नसून, तिने हा प्रश्न किती नेमका ओळखला हे दाखविण्यात आहे.