चार दारं, एक जिना

29 फेब्रुवारी 2012 रोजी रास्पबेरी पाय विक्रीला आला: क्रेडिट कार्डाएवढा, 35 डॉलरचा संगणक. त्याची चिप मोबाइलच्या घराण्यातली. पोर्टांसाठी तिच्याकडे यूएसबी 2.0ची एकच वाट. 2016च्या पाय 3वरही चार पोर्ट आणि इथरनेट सेकंदाला तेच 480 मेगाबिट वाटून घेत. जोगेश्वरीतल्या आमच्या चाळीसारखं: दारं चार, जिना एक. डिस्कवरची फाइल नेटवर्कवर पाठवली, की ती त्याच जिन्याने आधी वर, मग खाली.

हा दोष नव्हे, किमतीचा हिशेब. 2019च्या पाय 4ने तो बदलला: इथरनेटला वेगळी वाट, आणि पीसीआय एक्स्प्रेसवरून दोन निळे यूएसबी 3.0 पोर्ट.

चाळ आता पाडली. तिथल्या गणपतीचे व्हिडिओ एका जुन्या डिस्कवर तेवढे उरलेत. ती बंद पडण्याआधी दुसरी प्रत काढायची होती. पाय 4च्या निळ्या पोर्टवरही कॉपी रखडली. ‘एलएसयूएसबी -टी’ ही कमांड दिली, तर डिस्कपुढे 5000ऐवजी 480. केबलमध्ये 3.0च्या जास्तीच्या तारा नव्हत्याच. दुसरी लावली, आकडा 5000 झाला. रात्रीत प्रत तयार.

तुमच्याकडेही निळ्या पोर्टवर 480 दिसलं, तर बोर्डाला बोल लावण्याआधी केबल बदलून बघा.