पागोळीचं पाणी, कोंबड्या आणि संशोधनाचा प्रश्न

समजा, भिवंडीजवळच्या वडप्यात एका घरी पागोळीखाली पिंप आहे आणि तेच पाणी परसातल्या कोंबड्या पितात. ‘हे चांगलं की वाईट?’ असा प्रश्न लगेच विचारू नका. आधी इतिहास बघू.

१९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला कोंबड्यांचा एक जीवघेणा रोग ओळखला गेला. भारतात त्याला राणीखेत हे नाव पडलं. आपल्याकडे मानमोडी म्हणतात. त्यावरची लासोटा लस पाण्यातून देता येते. पण ती जिवंत विषाणूची, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिला मारतं. पावसाच्या पाण्यात क्लोरीन नसतं, म्हणून ते इथे सरस.

मग २००६ आलं. फेब्रुवारीत नवापूरला भारतातल्या पहिल्या बर्ड फ्लूची नोंद झाली. हा विषाणू विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि थंड पाण्यात कित्येक दिवस टिकतो. आता छपरावर बसणारे पक्षी आठवा!

म्हणजे क्लोरीन नसणं हा एकच गुण लसीलाही वाचवतो आणि रोगालाही. म्हणून विचारा: पाणी कुठून आलं, कशासाठी हवंय? पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, पिंप झाका, लसीसाठी पाणी उकळून गार करा. परसातल्या दहा कोंबड्या म्हणजे कुणाची तरी बचत असते. चुकीच्या प्रश्नाची किंमत तिथे मोजली जाते.