कमी वापरलेला प्रिंटर

सेकंडहँड बाईक घेताना आपण सगळ्यात आधी मीटरकडे बघतो. कमी पळालेली असेल तर दोन पैसे जास्त मोजायचीही तयारी असते. वापरलेले फोटो प्रिंटर विकणारे लोक हेच गृहीत धरून जाहिरात करतात. "मोजून पन्नास प्रिंट काढलेत, गेलं वर्षभर कव्हर घालून ठेवलाय, अगदी नव्यासारखा आहे." किंमतही मोहात पाडणारी असते. सतरा इंची कागद घेणारं मशीन, नव्याच्या पाव किमतीत!

गेले काही महिने अशा जाहिराती वाचून माझं मत असं झालंय की नेमकी हीच जाहिरात दिसली की पुढे सरकावं. घरी चांगल्या जाड कागदावर, भिंतीवर लावण्याजोगे फोटो छापायचे असतील तर 'कमी वापरलेला' हा प्रिंटरचा गुण नाही, आजार आहे. असं का, हे कळायला शाईचा थोडा इतिहास बघावा लागतो. आणि तो इतिहास प्रिंटरच्या डबड्यापेक्षा कितीतरी रंजक आहे. तर मंडळी, चहा घेऊन बसा.

मुळात हल्ली फोटो छापायचेच कशाला? याचं उत्तर आमच्या घरातल्या दोन अल्बममध्ये आहे. आजी-आजोबांच्या लग्नाचे फोटो कृष्णधवल, पन्नासच्या दशकातले. आजीच्या नथीतला मोती न् मोती मोजता येतो. आई-बाबांचं लग्न १९७९ चं, म्हणजे रंगीत फोटो आले होते. आज तो अल्बम उघडला तर सगळं वऱ्हाड लालसर दिसतं. शालू लाल, भटजी लाल, मांडवाला बांधलेली केळीची पानंसुद्धा विटकरी! आणि हा अल्बम कायम कपाटात होता, त्याला ऊन कधी लागलंच नाही.

कारण साधं आहे. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. रंगीत फोटोत असतात तीन रंगद्रव्यं : निळसर हिरवं, किरमिजी आणि पिवळं. त्या काळातल्या कित्येक रंगीत कागदांवरचं निळसर हिरवं द्रव्य अंधारातही आपसूक विघटन पावायचं. ते गेलं की उरतो लाल. एका अख्ख्या पिढीच्या आठवणी अशा पद्धतीने लाल झाल्या, भारतातही आणि अमेरिकेतही.

या प्रकाराच्या मागे हात धुवून लागलेला माणूस म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले हेन्री विल्हेल्म. कुठला कागद किती टिकतो हे ते वर्षानुवर्षं मोजत राहिले आणि १९९३ साली कॅरल ब्राउअर यांच्यासोबत त्यांनी या विषयावर सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला. 'हा फोटो किती वर्षं टिकेल?' असा प्रश्न कंपनीला आकड्यात विचारायची सवय गिऱ्हाइकाला लागली, यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आता इंकजेटकडे वळू. गंमत म्हणजे ही मंडळी फोटो छापायला निघालीच नव्हती, त्यांना हृदयाचे ठोके कागदावर उतरवायचे होते. स्वीडनमधल्या रूने एल्मक्विस्त यांनी शाईच्या बारीक झोताने आलेख काढणारं यंत्र बनवलं, त्याचं पेटंट १९५१ चं. ईसीजीसाठी ते वापरलं गेलं. (याच एल्मक्विस्त यांनी बनवलेला पेसमेकर १९५८ साली जगात पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवला गेला.) दुसरे स्वीडिश गृहस्थ म्हणजे लुंडचे कार्ल हेल्मुट हर्ट्झ. त्यांनी १९५३ साली डॉ. इंगे एडलर यांच्याबरोबर अल्ट्रासाउंडने हृदयाची हालचाल टिपली, म्हणजे आपल्या आजच्या टूडी एकोचा आजोबा. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? ज्यांच्या नावाने आपण प्रोसेसरचा वेग मोजतो त्या हाइनरिश हर्ट्झ यांच्या पुतण्याचे हे चिरंजीव. शाईचा झोत बारीक थेंबांत फोडायचा आणि नको असलेले थेंब विजेच्या जोरावर बाजूला वळवायचे, हे तंत्र त्यांनी पुढे विकसित केलं.

या तंत्रावर १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या आयरिस ग्राफिक्स कंपनीने एक अवाढव्य प्रिंटर काढला. कागद एका रुळावर गुंडाळायचा, रूळ गरागरा फिरवायचा आणि चार नोझलमधून सेकंदाला प्रत्येकी सुमारे दहा लाख थेंब सोडायचे. प्रिंटरचं काम एकच. मासिक किंवा कॅटलॉग मोठ्या मशीनवर चढवण्याआधी रंग कसे येणार याचा नमुना गिऱ्हाइकाला दाखवायचा. गिऱ्हाइकाने 'ठीक आहे' म्हटलं की नमुना कचऱ्यात. त्यामुळे तो किती वर्षं टिकेल हा प्रश्न कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हता. शाई पाण्यात विरघळणारी, पाण्याचा एक थेंब पडला तरी चित्र ओघळणार.

आणि इथे एन्ट्री होते एका रॉकस्टारची :-)

ग्रॅहम नॅश म्हणजे 'क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश'मधले नॅश, १९६९ च्या वुडस्टॉकला गायलेले. गाण्याइतकाच त्यांना फोटोग्राफीचा नाद. पण त्यांच्या जुन्या फोटोंच्या बहुतेक मूळ निगेटिव्ह आणि प्रिंट एका प्रकाशकाकडे पाठवताना वाटेत गहाळ झाल्या. उरले फक्त काँटॅक्ट शीट, म्हणजे निगेटिव्हच्याच आकाराचे इवलेसे नमुने. त्यातून मोठं चित्र कसं काढणार? स्कॅन करून कॉम्प्युटरवर दुरुस्त करता येत होतं, पण पडद्यावर दिसतंय ते कागदावर उतरवणारं यंत्र बाजारात नव्हतं.

डिस्नेमधले डेव्हिड कून्स नावाचे एक इंजिनियर ऑफिसातला आयरिस प्रिंटर ओळखून होते. त्यांनी ऑफिसची वेळ संपल्यावर, स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरने, नॅश यांचे सोळा फोटो चित्रकारांच्या जाड जलरंगाच्या कागदावर छापले. एप्रिल १९९० मध्ये ते प्रदर्शनात लागले. (ऑफिसचा प्रिंटर खासगी कामाला वापरण्याची याहून उदात्त केस माझ्या ऐकिवात नाही.)

त्याच वर्षी जुलैमध्ये नॅश यांनी स्वतःचा आयरिस ३०४७ घेतला. किंमत १,२६,००० डॉलर. तो कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला एका छोट्या आउटहाउसमध्ये बसवला. त्यांच्या बँडचे टूर मॅनेजर मॅक होल्बर्ट यांनी दौरे सोडले आणि १ जुलै १९९१ ला 'नॅश एडिशन्स' हा छापखाना सुरू झाला. जाड कागद मशीनमध्ये जाईना, तेव्हा या लोकांनी प्रिंट हेडचा काही भाग चक्क करवतीने कापला आणि हेड मागे सरकवलं. वॉरंटी अर्थातच गेली. सव्वा लाख डॉलरच्या मशीनवर करवत चालवायला काय काळीज लागत असेल!

याच छापखान्यातल्या जॅक डुगान यांनी या प्रिंटना 'झिक्ले' असं भारदस्त फ्रेंच नाव दिलं. अर्थ काय, तर 'फवारलेलं', बस. पण 'कॉम्प्युटरचं प्रिंटआउट' म्हटलं की गॅलरीवाले नाक मुरडायचे, 'झिक्ले' म्हटल्यावर भाव वाढला. बारसं नीट झालं की मूल मार्गी लागतं म्हणतात, तसं.

पण नावाने शाई टिकत नाही. प्रश्न तोच, जुन्या अल्बमचा. आयरिसच्या सुरुवातीच्या शाया झपाट्याने उडत होत्या आणि पुढची कित्येक वर्षं नॅश एडिशन्ससारख्या छापखान्यांनी जास्त टिकणारी शाई शोधण्यात घालवली. तो पहिला ३०४७ नॅश यांनी २००५ साली स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाला देऊन टाकला.

दरम्यान हे तंत्र टेबलावर आलं. कॅनन आणि एचपीने शाई क्षणभर उकळून बुडबुड्याच्या जोरावर थेंब उडवायची पद्धत निवडली, तर एप्सनने वीज दिली की वाकणारा स्फटिक वापरला. २००० साली एप्सनचा स्टायलस फोटो १२७० आला. फोटोच्या दुकानाला लाजवेल अशी छपाई, आणि टिकाऊपणाचा दावा दहा वर्षांच्या आसपास. लोकांनी हौसेने घेतला. काहींच्या भिंतीवरचे फोटो काही आठवड्यांतच नारिंगी पडायला लागले! चाचणी प्रकाशाची घेतली होती, हवेची नाही. हवेतला ओझोन कागदाच्या सच्छिद्र थरातून शिरून शाई खात होता. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्या टेस्ट केसेस पास आणि प्रॉडक्शनमध्ये बोंब.

यावरचा उपाय खरं तर फार जुना होता. शाई दोन प्रकारची. एक डाय, म्हणजे पाण्यात साखर विरघळावी तशी पूर्ण विरघळलेली. दुसरी पिगमेंट, म्हणजे पाण्यात हळद कालवावी तशी, कण वेगळे राहणारी. डायचा रेणू सुटा असतो, प्रकाश आणि हवा त्याला सहज गाठतात. पिगमेंटच्या कणात रेणू दाटीवाटीने बसलेले, वरचा थर झिजला तरी आतले शाबूत राहतात. आपल्याकडच्या पोथ्या काजळाच्या शाईने लिहीत. काजळ म्हणजे कार्बनचे कण, म्हणजे पिगमेंटच. कित्येक शतकांनंतरही अक्षर काळंभोर.

एप्सनने २००० सालीच २०००पी हा पिगमेंटचा प्रिंटर काढला होता. दावा थेट दोनशे वर्षांचा. फक्त खिडकीजवळ नेलं की चेहरे हिरवट दिसत :-) २००२ च्या २२०० मध्ये हे बरंच सुधारलं, २००५ च्या २४०० मध्ये काळ्या-करड्या मिळून तीन शाया आल्या आणि घरबसल्या गॅलरीच्या तोडीचं कृष्णधवल छापता यायला लागलं. व्हर्मॉन्टमधल्या जॉन कोन यांनी तर २००० मध्येच साध्या एप्सनमध्ये रंगीतऐवजी सगळ्या करड्या शाया भरायची पद्धत विकायला काढली होती. म्हणजे या क्षेत्रात दुसऱ्या कामाचं मशीन घ्यायचं आणि आपल्या कामाला जुंपायचं, ही परंपराच आहे.

आता मूळ मुद्दा. हळद कालवलेलं पाणी रात्रभर ठेवलं तर काय होतं? तळाशी गाळ बसतो, आणि पाणी आटलं तर भांड्याला पिवळं कडं धरतं. पिगमेंटचं तसंच. जो गुण फोटोला भिंतीवर पिढ्यान् पिढ्या टिकवतो, तोच गुण केसाहून बारीक छिद्रांत शाईचा दगड करतो. न वापरता वर्षभर कपाटात ठेवलेला प्रिंटर 'नव्यासारखा' नसतो, तुंबलेल्या मोरीसारखा असतो. पुण्यातला कोरडा एप्रिल-मे असेल तर विचारूच नका. उकळणाऱ्या पद्धतीत हेड झिजतं, म्हणून मोठ्या मशीनमध्ये बहुधा ते बदलता येतं. स्फटिकवालं हेड झिजत नाही, म्हणून मशीनमध्ये कायमचं बसवलेलं असतं आणि ते तुंबलं तर बदलायचा खर्च बऱ्याचदा जुन्या प्रिंटरच्या किमतीहून जास्त.

त्यामुळे मी बघायला जाताना एवढं ठरवलंय : महिन्याला किती प्रिंट काढता आणि शेवटचा कधी काढला, हे आधी विचारायचं. रोज राबणारा, दहा हजार प्रिंट काढलेला स्टुडिओतला प्रिंटर मला चालेल. पोचल्यावर मशीन साफ करू न देता, थंड असतानाच नोझल चेक काढायचा. मग प्रत्येक रंगाचा एकेक मोठा भरीव चौकोन छापायचा आणि लगेच पुन्हा नोझल चेक. पहिला नीट आणि दुसरा तुटका आला तर शाईचा पुरवठा कुठेतरी अडतोय. वाया गेलेली शाई साठवणारी टाकी किती भरलीय आणि ती आपल्याला बदलता येते का, हे बघायचं. आपल्या लॅपटॉपवर ड्रायव्हर चालतो का, हे घरूनच तपासून निघायचं. आणि शाईचा हिशोब आधी मांडायचा. एप्सनच्या २००६ च्या ३८०० मध्ये प्रत्येकी ८० मिलिलिटरची नऊ कार्ट्रिज लागतात, म्हणजे पाऊण लिटरला थोडी कमी शाई. जुनं मशीन स्वस्तात मिळेल, हा पूर्ण संच नाही.

थोडक्यात काय, तर प्रिंटर विकत घेऊन ठेवायची वस्तू नाही, तो पाळावा लागतो. तुळशीला पाणी घालतात तसा आठवड्याला एक रंगीत प्रिंट, न चुकता. ज्याला हे जमणार नाही त्याने सरळ लॅबमधून छापून आणावं, त्यात कमीपणा काहीच नाही.

मला जमेल असं वाटतंय. आई-बाबांचा तो लाल अल्बम मी स्कॅन केलाय, रंग बऱ्यापैकी परत आणता आलेत, केळीची पानं हिरवी झालीत. पण ती सध्या फक्त हार्ड डिस्कवर हिरवी आहेत. दर रविवारी एक फोटो छापायचा म्हटलं तर चाळीस फोटोंना चाळीस आठवडे लागतील. तेवढ्यात शाईही वाळणार नाही.

असो. पुढच्या शनिवारी कागदाबद्दल.