लाल रेघेमागचा शब्दकोश

आज जरा वेगळा इतिहास. तुम्ही लिबरऑफिसमध्ये पन्नास पानं मराठी टाइप केलंत आणि एकही लाल रेघ आली नाही, तर खूश होऊ नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की मराठीचा शब्दकोश बसवलेलाच नाही. तपासणारा गैरहजर, म्हणून सगळे पास!

हा तपासणारा आला कुठून? १९६१ साली एमआयटीमध्ये लेस अर्नेस्ट संगणकाला हस्ताक्षर वाचायला शिकवत होते. त्यासाठी त्यांनी दहा हजार इंग्रजी शब्दांची यादी केली. पुढे १९७१ मध्ये स्टॅनफर्डला राल्फ गोरिन यांनी 'स्पेल' नावाचा प्रोग्राम लिहिला. शब्द यादीत नसेल तर एखादं अक्षर बदलून, शेजारची दोन अक्षरं उलटसुलट करून तो पर्यायही सुचवायचा.

इंग्रजीचं यात भागलं. पण हंगेरियनमध्ये शब्दाला प्रत्ययांची रांगच लागते. 'हाझ' म्हणजे घर आणि 'हाझाइमबन' म्हणजे 'माझ्या घरांमध्ये', तेही एकाच शब्दात. असे सगळे शब्द यादीत कोण घालणार? म्हणून लास्लो नेमेत यांनी आधीच्या 'मायस्पेल'वरून 'हनस्पेल' तयार केला. यात दोन फाइली असतात. एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. आज लिबरऑफिस आणि फायरफॉक्स दोन्हीकडे हाच वापरतात.

आता आपल्याकडे या. घर, घराला, घरातून, घरातल्यांनासुद्धा... आपलंही हंगेरियनसारखंच की! वर सामान्यरूपाची गंमत वेगळी. 'फूल' दीर्घ, पण 'फुलाला' ऱ्हस्व. हनस्पेलमधला प्रत्ययाचा नियम शब्द शेवटाकडूनच कापतो. म्हणजे 'फूल'मधला 'ूल' काढायचा आणि 'ुलाला' जोडायचा. 'दूध'ला हा नियम चालत नाही, तिथे 'ूध' काढून 'ुधाला' जोडावं लागतं. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांत जी गोष्ट एका वाक्यात बसते, तिच्यासाठी इथे ओळींमागून ओळी लिहाव्या लागतात.

मला वाटतं, खरी मेख इथे आहे. शब्दकोश नसणं ही नुसती तांत्रिक अडचण नाही. ते नियम बसून लिहिणारं माणूस लागतं. अनेक भाषांसाठी हे काम स्वयंसेवकांनी केलंय, बहुतेकदा नोकरी सांभाळून. तो कोश अपुरा असला की बरोबर शब्दांखालीही लाल रेघा येतात. मग माणूस वैतागून तपासणीच बंद करतो, आणि 'फूलाला' तसंच छापून जातं. शाळेच्या पत्रकात, लग्नपत्रिकेत, सरकारी अर्जात.

तेव्हा आज एक काम करा. लिबरऑफिसच्या भाषा सेटिंगमध्ये जा. देवनागरीसाठीची भाषा तिथे वेगळी निवडावी लागते. ती हिंदी राहिली असेल तर मराठी करा. मराठीच्या नावाशेजारी बरोबरची खूण दिसत नसेल तर कोश बसवलेला नाही. त्याचं एक्स्टेन्शन घ्या, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. मग मुद्दाम 'फूलाला' लिहून बघा. खाली लाल रेघ आली, की समजा तपासणारा कामावर हजर झाला.

आणि बरोबर शब्दाखाली रेघ आलीच, तर तपासणी बंद करू नका. तो शब्द कोश करणाऱ्यांना कळवा. दहा हजार शब्दांची ती पहिली यादीही कुणीतरी बसून केली होती. आपली अजून चालू आहे.

भेटूया पुढच्या भागात!