शुक्रतारा आणि आपलं ‘बाहेरचं’ मराठी

मागच्या आठवड्यात जुन्या कॅसेटी आवरताना अरुण दात्यांची एक हाती लागली. ती वाजवायला घरात आता यंत्र नाही, पण आठवणींना यंत्र लागत नाही.

आम्हा इंदूरकरांना दाते म्हटलं की आधी रामूभैया आठवतात. गाणाऱ्यांवर जीव टाकणारा असा रसिक विरळाच. पु. लं.नी ‘गणगोत’मध्ये त्यांच्यावर लिहिलंय. कुमार गंधर्व जवळच देवासला, म्हणजे मोठं गाणं या घरात येऊन बसायचं. त्या घरात 1934 साली अरुण दाते जन्मले. कुमारजींकडून त्यांना सुरुवातीची तालीम मिळाली. पण शिक्षण घेतलं कापडाच्या इंजिनिअरिंगचं, मुंबईला जाऊन. नोकरीही त्याच धंद्यात. रेडिओवर गात होते ते उर्दू-हिंदी गझला आणि गीतं.

मराठी गाण्याचा प्रस्ताव आणला श्रीनिवास खळे यांनी. दाते म्हणाले, माझे मराठी उच्चार नीट नाहीत, हिंदी मुलखातला माणूस मी. खळ्यांनी पिच्छा सोडला नाही आणि 1962 साली मुंबई आकाशवाणीसाठी ‘शुक्रतारा’ झालं.

आता जरा हिशोब मांडतो, जुनी सवय आहे. संगीतकार खळे जन्माने मुंबईचे, पण वाढले नि गाणं शिकले ते बडोद्यात. गायक इंदूरचा. सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा दिल्लीत जन्मलेल्या, घरची भाषा मराठी नाही. कवी मंगेश पाडगावकर तेवढे वेंगुर्ल्याचे. म्हणजे चौघांत कोकणच्या मातीतला एकटा कवी! तरीही पुण्या-मुंबईच्या घराघरांत हे गाणं आपलं म्हणून गुणगुणलं गेलं.

हे मला इतकं का लागतं, ते सांगतो. 1970च्या दशकात बँकेच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलो होतो. जेवताना सहज बोलून गेलो, “साहेब येऊन राहिले.” सगळं टेबल हसलं. पुढचे तीन आठवडे मी इंग्रजीतच बोललो. परत आल्यावर घरीसुद्धा काही दिवस मराठी बोलताना अडखळायचो. दात्यांनी जो संकोच खळ्यांना बोलून दाखवला तो मी कुणालाच सांगितला नाही, एवढाच फरक. आणि मला खळे भेटले नाहीत.

दुसरी गोष्ट त्यांच्या कष्टांची. गाण्याची रेकॉर्ड म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांचा मामला. स्टुडिओत माईकजवळ, दबक्या आवाजात, शब्द जपून म्हणायचं. तेच गाणं कार्यक्रमात हजार माणसांपुढे गाताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं, ‘वन्समोअर’ सांभाळायचा, आणि रोज तेच असून ताजं ठेवायचं. वर प्रवास. वर नोकरी. रजेचे अर्ज मंजूर करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे रविवारी परगावी कार्यक्रम करून सोमवारी कामावर हजर होणाऱ्या माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. दात्यांनी ही कसरत वर्षानुवर्षे केली, मग नोकरी सोडून पूर्णवेळ गाण्याकडे वळले. ‘शुक्रतारा’ नावाने त्यांचे कार्यक्रम अडीच हजारांच्या पुढे गेले. आवाज न चढवता, ताना न मारता, नुसत्या शब्दांच्या जोरावर!

खळे 2011 साली गेले, दाते 2018च्या मे महिन्यात, नुकतीच चौऱ्याऐंशी पूर्ण करून.

माझा नातू इथे इंदुरातच शिकतो. मराठी समजतं, पण बोलायला लाजतो. “आजोबा, माझं मराठी चुकतं.” परवा त्याला मोबाईलवर ‘शुक्रतारा’ ऐकवलं आणि वरची सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकून म्हणाला, “मग हे तर आपल्याकडचेच येऊन राहिले!” वाक्य चुकलंच होतं. मी सुधारलं नाही.

बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगावकडच्या मंडळींनो, तुमच्या मराठीला कधी कोणी हसलं का? आणि तुम्ही बोलणं थांबवलंत की चालू ठेवलंत? खाली जरूर लिहा. चुका झाल्या तरी चालतील.