कौल, कूळ आणि हद्द

साष्टीच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे आमचे मित्र चिमाजीअप्पांच्या स्वारीपासून आरंभ करतात. आम्ही येथें एका कागदापासून आरंभ करणार आहों. तो कागद म्हणजे कंपनी सरकारचा कौल.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्या पदरीं कायमची पडली. बेटावर पडीत पुष्कळ आणि सरकारास हवा सारा. म्हणून धनवंतांस गांवेंच्या गांवें लावून द्यावीं व रान त्यांनीं लागवडीस आणावें, अशी योजना निघाली. पवई १७९९ सालीं डॉ. स्कॉट यांस व पुढें १८२९ सालीं फ्रामजी कावसजी बनाजी यांस मिळाली. फ्रामजींनीं विहिरी खणविल्या. ऊंस, नीळ, तुती लावून पाहिली. गोरेगांवाकडे बैरामजी जीजीभाई आले. ह्या गृहस्थांच्या हौसेचें श्रेय त्यांस द्यावेंच. परंतु कुदळ त्यांच्या हातीं नव्हती. ती पडिताच्या आशेनें वसलेल्या कुळांच्या हातीं होती, आणि कौलावर त्यांचें नांव नव्हतें.

तंटे अर्थातच झाले. शेतांतून हुसकलेल्या कुळानें १९०६ च्या कायद्याप्रमाणें सहा महिन्यांच्या आंत मामलेदाराकडे धांव घ्यावी. दिवस उलटले कीं दिवाणी कोर्टाची पायरी. निरक्षर माणसास सहा महिने म्हणजे किती, हें वकिलांनाच ठाऊक! १९४८ च्या कूळकायद्यानें मात्र मामलेदारास कूळ कोण हें ठरविण्याचा अधिकार दिला, आणि दिवाणी कोर्टास त्यांतून वगळलें. आमच्या मतें ही सुधारणा लहान नव्हे.

पुढें १९५१ च्या कायद्यानें साष्टीच्या खोतांची सारामाफी गेली. त्या कायद्यांत एक कलम आहे. १४ ऑगस्ट १९५१ पूर्वीं वापरांत वा लागवडीस न आलेलें पडीत सरकारजमा झालें. आलेलें खोताकडे राहिलें. म्हणजे कुळाचा नांगर जेथें फिरला होता, तेथें तो नांगरच खोताच्या हक्काचा पुरावा ठरला.

उरली आशा १ एप्रिल १९५७ ची. त्या दिवशीं कसणारास मालक मानावयाचें होतें. पण मालकी देणारीं कलमें बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दींत लागू नव्हतीं. ती हद्द १९५० सालीं जोगेश्वरी-भांडुपापर्यंत सरकली होती. अंधेरी-घाटकोपरचें काम तेव्हांच आटोपलें. बोरिवली-मुलुंड बाहेर राहिलीं होतीं, तीं १ फेब्रुवारी १९५७ रोजीं आंत आलीं. दोनच महिने अगोदर! हा योगायोग होता कीं योजना, ह्यावर आम्ही बोलत नाहीं. दहिसरच्या खाडीपलीकडील ठाणें जिल्ह्यांतील कूळ त्या एप्रिलांत मालक होण्याच्या वाटेस लागलें. अलीकडचें कूळ कूळच राहिलें, आणि त्याच्या बांधावर लवकरच भूखंडांच्या खुणा रोवल्या जाऊं लागल्या.